‘द हॉबिट’ (१९७७) : दूरचित्रवाणीच्या चौकटीतील अद्भुतकथा

प्रस्तावना

रविवार, दि. २७ नोव्हेंबर १९७७ रोजी अमेरिकेतील एनबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने ‘द हॉबिट’ हा बालप्रेक्षकांसाठीचा विशेष अॅनिमेशनपट प्रथम प्रसारित केला. ऑक्सफर्ड विद्यापीठातील भाषापंडित जे. आर. आर. टॉल्किन (१८९२-१९७३) यांची याच नावाची अद्भुतकथा २१ सप्टेंबर १९३७ रोजी लंडनच्या अॅलन अँड अनविन या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली होती. चाळीस वर्षांनंतर तिला लाभलेले हे पहिले पूर्ण लांबीचे पडद्यावरील रूप होय. या अॅनिमेशनपटाची चर्चा बहुधा चित्रशैलीच्या अंगाने किंवा बालपणीच्या आठवणींच्या ओघात होते. कथेतून काय वगळले गेले आणि त्यामुळे बालप्रेक्षकासमोर युद्धाचे कोणते चित्र उभे राहिले, हा प्रश्न मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच प्रामुख्याने विचार केला आहे.

‘विशेष कार्यक्रम’ ही परंपरा

साप्ताहिक मालिकांहून वेगळा, सणासुदीच्या आगेमागे एकदाच दाखविला जाणारा आणि लोकप्रिय ठरल्यास दरवर्षी पुनःप्रसारित होणारा ‘विशेष कार्यक्रम’ ही अमेरिकन दूरचित्रवाणीची एक रूढ प्रथा होती. मुलांच्या कार्यक्रमांत ती दृढ करण्याचे मोठे श्रेय आर्थर रॅन्किन (ज्युनिअर) आणि ज्यूल्स बॅस या निर्मात्यांकडे जाते. १९६४ मध्ये एनबीसीवरून दाखविलेला त्यांचा ‘रुडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडिअर’ हा बाहुल्यांचा नाताळपट पिढ्यान्‌पिढ्या पाहिला गेला. तो आणि १९६९ चा ‘फ्रॉस्टी द स्नोमॅन’ या दोहोंचे पटकथालेखन रोमिओ म्युलर यांचे होते. ‘द हॉबिट’ची पटकथाही त्यांचीच. १९७७ चे प्रसारणही थँक्सगिव्हिंगच्या सुटीच्या अखेरीस, म्हणजे कुटुंब घरी एकत्र असण्याच्या दिवशी झाले. या अॅनिमेशनपटाचा घाट ठरविण्यात मूळ ग्रंथाइतकाच या परंपरेचाही वाटा होता.

काळही अनुकूल होता. १९६५ पासून स्वस्त कागदी बांधणीच्या आवृत्त्यांमुळे टॉल्किन अमेरिकेतील महाविद्यालयीन तरुणांत कमालीचे लोकप्रिय झाले होते. त्यांच्या मृत्यूनंतर पुत्र ख्रिस्तोफर यांनी संपादित केलेला ‘द सिल्मरिलियन’ हा ग्रंथ सप्टेंबर १९७७ मध्येच प्रकाशित झाला होता.

स्वतः टॉल्किन यांना पडद्यावरील रूपांतराविषयी फारसा उत्साह नव्हता. मे १९३७ मध्येच, अमेरिकन आवृत्तीच्या चित्रांसंबंधी प्रकाशकांना लिहिताना, डिस्ने यांच्या चित्रशाळेची छाया आपल्या पुस्तकावर पडू नये अशी इच्छा त्यांनी तीव्र शब्दांत व्यक्त केली होती. पुढे १९६० च्या दशकात जीन डाइच यांनी प्राग येथे सुमारे बारा मिनिटांचा एक ‘हॉबिट’ तयार केला. पण त्यामागे कलात्मक ओढीपेक्षा चित्रपटाचे हक्क टिकविण्याची निकड अधिक होती.

टोकियोतील चित्रे

श्रेयनामावलीत झळकणारी नावे मुख्यतः अमेरिकन होती. बिल्बोला ऑर्सन बीन यांचा, गॅन्डाल्फला चित्रपट-दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांचा, तर स्मॉग या ड्रॅगनला रिचर्ड बून यांचा आवाज लाभला. प्रत्यक्ष चित्रांकन मात्र जपानमधील टॉपक्राफ्ट या संस्थेत झाले. तोएई या मोठ्या चित्रसंस्थेतून बाहेर पडलेल्या तोरू हारा यांनी ती स्थापन केली होती. रॅन्किन आणि बॅस यांची ही जुनीच कार्यपद्धती होती : कथा, संवाद व संगीत अमेरिकेत आणि चित्रांकनाचे वेळखाऊ हस्तकाम जपानमध्ये. रेघारेघांनी भरलेली झाडे, जलरंगासारख्या धूसर पार्श्वभूमी आणि सुरकुतलेले चेहरे यांमुळे या अॅनिमेशनपटाला जुन्या इंग्रजी सचित्र बालपुस्तकांची, विशेषतः आर्थर रॅकहॅम यांच्या चित्रांची, कळा आली आहे. बेडकासारखा गॉलम आणि मांजराच्या तोंडवळ्याचा ड्रॅगन यांविषयी टॉल्किनभक्तांनी नाके मुरडली. तथापि डिस्नेच्या गुळगुळीत शैलीपासून ही चित्रे दूर राहिली, एवढे तरी मान्य करावे लागते.

वगळलेले रत्न

मूळ पुस्तकाची एकोणीस प्रकरणे जाहिराती वगळता सुमारे ७७ मिनिटांत बसवायची होती. घरातील उबेवर प्रेम करणारा बिल्बो बॅगिन्स हा हॉबिट तेरा बुटक्यांसह, स्मॉगने बळकावलेला त्यांचा खजिना परत मिळविण्यासाठी निघतो, हे कथासूत्र म्युलर यांनी कायम ठेवले. ट्रोल, गॉब्लिन, अंधारातील कोड्यांची चढाओढ, कोळी आणि पिंपांतून सुटका हे प्रसंगही राहिले. अस्वलाचे रूप घेणारा बेऑर्न गळला. त्याने कथेची रंगत उणावली, पण अर्थाला धक्का लागला नाही. आर्केनस्टोन या रत्नाची गोष्ट वेगळी आहे.

पुस्तकात ड्रॅगनच्या मृत्यूनंतर खजिन्यावरून बुटके, माणसे आणि एल्फ यांच्यात संघर्ष पेटतो. बुटक्यांचा नायक थोरिन याला सर्व संपत्तीहून आर्केनस्टोन प्रिय असतो. बिल्बो ते रत्न लपवितो आणि रात्री गुपचूप विरुद्ध पक्षाच्या हाती देतो. या कृत्यात त्याचा वैयक्तिक लाभ काहीच नाही. रत्नाच्या बदल्यात तडजोड व्हावी आणि रक्तपात टळावा, एवढाच हेतू आहे. मित्राशी द्रोह करून मित्राला वाचविण्याचा हा प्रयत्न म्हणजे संपूर्ण कथेतील सर्वांत अवघड नैतिक निर्णय होय. ड्रॅगनसमोर जाण्याहूनही त्याला अधिक धैर्य लागते. थोरिनने त्याला हाकलून देणे आणि मृत्युशय्येवर त्याची क्षमा मागणे या दोहोंना वजन येते ते या कृत्यामुळेच.

अॅनिमेशनपटात हे रत्नच नाही. बिल्बो युद्धाला विरोध करतो, तो केवळ शब्दांनी. थोरिनच्या अखेरच्या क्षणांचे दृश्य ठेवले आहे. परंतु ज्या अपराधाची आणि क्षमेची ही भेट, त्यांपैकी अपराध उरलेला नाही. समेट हृद्य आहे, मात्र त्याची किंमत कोणी मोजलेली दिसत नाही.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. पाच सैन्यांचे युद्ध पडद्यावर दुरून, जणू एकमेकांवर धावणाऱ्या ठिपक्यांच्या झुंडीसारखे दाखविले आहे. खर्च आणि श्रम वाचविण्याची ही युक्ती असावी, असा तर्क सहज करता येतो. परिणाम मात्र विलक्षण आहे : शौर्याला तेथे चेहराच उरत नाही. शिवाय पुस्तकात तेरांपैकी तीन बुटके मरतात, तर येथे त्याहून अधिक. व्हिएतनाम युद्ध १९७५ मध्ये संपले होते. निर्मात्यांच्या मनात तो संदर्भ होता असे ठामपणे म्हणण्यास आधार नाही. तथापि दिवाणखान्यात बसून त्या युद्धाची बातमीचित्रे पाहिलेल्या घरांतच हे ठिपकेही पाहिले गेले. पुस्तकातील बिल्बो युद्ध टाळण्यासाठी काही करतो. पडद्यावरील बिल्बो ते निरर्थक मानतो आणि पाहत राहतो. लहान मुलांसाठी दुसरा धडा समजण्यास सोपा, पहिला मात्र अधिक मोलाचा.

स्वागत आणि पुढील वाटचाल

१९७७ च्या कार्यक्रमांसाठी दिल्या गेलेल्या प्रतिष्ठित पीबडी पुरस्कारांत ‘द हॉबिट’चा समावेश होता. ह्यूगो पुरस्कारासाठीही त्याला नामांकन मिळाले. तेथे तो ‘स्टार वॉर्स’पुढे टिकला नाही. पुस्तकातील अनेक पद्ये मॉरी लॉज यांनी स्वरबद्ध केली होती आणि ग्लेन यारब्रो यांचा लोकगीतगायकी आवाज त्यांना लाभला होता. ही गाणी ध्वनिमुद्रिकांमुळे घरोघरी पोहोचली. त्या ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी डिस्नेच्याच मालकीची होती, हा योगायोग टॉल्किन यांना खचितच रुचला नसता. रॅन्किन आणि बॅस यांनी ‘द रिटर्न ऑफ द किंग’ हा पुढील विशेष कार्यक्रम मे १९८० मध्ये एबीसीवरून सादर केला. टॉपक्राफ्टमध्ये १९८४ साली हायाओ मियाझाकी यांचा ‘नाउसिका’ तयार झाला आणि पुढच्याच वर्षी स्थापन झालेल्या स्टुडिओ जिब्लीत तेथील काही मंडळी, तोरू हारांसह, सामील झाली.

पीटर जॅक्सन यांनी २०१२ ते २०१४ या काळात याच छोट्या पुस्तकावर तीन चित्रपट काढले. त्यांची एकत्रित लांबी आठ तासांच्या घरात जाते. त्यांत आर्केनस्टोन परत आले आणि बिल्बोचा निर्णयही; मात्र युद्ध आता ठिपक्यांचे राहिले नाही. ते बराच वेळ चालते, आणि टॉल्किन यांची बहुतेक पद्ये तेवढ्या अवकाशातही मावली नाहीत.