जुनें यंत्र आणि त्याचा दुभाषा

छापील पानाचें चित्र संगणकांत उतरविणारा सपाट कांचेचा स्कॅनर जुना झाला, म्हणजे तो ठेवावा कीं बदलावा, हा प्रश्न वरवर बाजारहाटाचा दिसतो. आमच्या मतें तो इतिहासाचाही आहे; कारण यंत्राचें वार्धक्य कोण ठरवितो, हें त्या इतिहासावांचून कळत नाहीं.

इ. स. १९५७ मध्यें अमेरिकेंतील नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेंत रसेल कर्श यांनीं आपल्या तान्ह्या मुलाचें छायाचित्र फिरत्या नळकांड्यावर लावून संगणकांत उतरविलें. त्या इवल्याशा चित्राचे १७६ गुणिले १७६ ठिपके झाले. पुढें नळकांड्याच्या जागीं सपाट कांच आली आणि हें यंत्र घरच्या टेबलावर विराजमान झालें.

परंतु यंत्र व संगणक यांच्यामध्यें ड्रायव्हर नांवाचा दुभाषा लागतो. तो केवळ कारखानदाराच्या चाकरींत असला, म्हणजे धन्याचें मन फिरतांच मुका होतो. २००७ सालीं विंडोज व्हिस्टा घरोघर येऊं लागली, तेव्हां कित्येक जुन्या स्कॅनरांसाठीं नवे ड्रायव्हर निघालेच नाहींत. कांच शाबूत, दिवा शाबूत. यंत्र मात्र निकामी!

लिनक्सची परंपरा निराळी. १९८० च्या सुमारास एम. आय. टी. मधील रिचर्ड स्टॉलमन यांस एका प्रिंटरचा सोर्स कोड मागूनही मिळाला नाहीं. या अनुभवाचा सल त्यांच्या मनांत राहिला व १९८३ मध्यें त्यांनीं ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्यें हेलसिंकीचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनीं लिनक्स जगापुढें ठेविलें. त्याच दशकाच्या उत्तरार्धांत डेव्हिड मोसबर्गर व आंद्रेआस बेक यांच्या पुढाकारानें स्कॅनरांसाठीं ‘सेन’ ही योजना निघाली. वापरणाऱ्यास दिसणारा भाग आणि यंत्राशीं बोलणारा भाग तींत वेगळे ठेविले आहेत. हा दुभाषा सर्वांच्या मालकीचा असल्यामुळें, कारखानदारानें हात झटकले तरी दुसरा कोणी त्याची डागडुजी करूं शकतो. अर्थात् ज्यांची माहितीच उघड झाली नाहीं, अशीं यंत्रें येथेंही मुकींच राहिलीं, हें सांगणें न्याय्य होय.

आतां निर्णयाकडे वळूं. जुन्या जाड यंत्रांत बहुधा आरसे व भिंग असतात. त्यामुळें बांधीव पुस्तकाच्या शिवणीजवळचा, कांचेपासून किंचित् उचललेला मजकूरही बराच स्पष्ट येतो. पुष्कळशा नव्या, पातळ व स्वस्त यंत्रांस कांचेला टेकलेलेंच नीट दिसतें. मग ग्रंथ दाबावा लागतो. आणि पिवळ्या पडलेल्या, ठिसूळ कागदाच्या मासिकांची पाठ त्या दाबाखालीं मोडते. छापील मजकुरास इंचामागें ३०० ते ६०० ठिपके पुरतात. जाहिरातींतील मोठमोठ्या आंकड्यांनीं अक्षर अधिक सुवाच्य होत नाहीं.

म्हणून दिवा मंदावला, चित्रावर रेघा उमटूं लागल्या, अथवा दुभाषाच उरला नाहीं, तरच यंत्र बदलावें. आणि नवें घेतांना त्याचें नांव ‘सेन’च्या यादींत आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. तोंवर आहे त्या यंत्रावर काम सुरू ठेवावें हें उत्तम. यंत्र पुन्हां विकत मिळतें; कपाटांत झिजणारें पान मिळत नाहीं.