विदर्भातील दैनंदिन शकुन-अपशकुन

रोजच्या व्यवहारातील एखादी साधी घटना पुढे घडणाऱ्या बऱ्या-वाईटाची सूचना देते, अशा समजुतींना शकुन-अपशकुन म्हणतात. मांजर आडवे जाणे, पाल चुकचुकणे, शिंक येणे, डोळा फडफडणे ही त्यांची परिचित उदाहरणे होत. त्यांच्या जोडीला अनिष्ट टाळण्यासाठी करावयाच्या कृती, उदाहरणार्थ दृष्ट काढणे, आणि पाळावयाचे निषेध, उदाहरणार्थ तिन्हीसांजेला केर न काढणे, यांचाही समावेश होतो. या समजुती थोड्याफार फरकाने सर्व महाराष्ट्रात आढळतात. विदर्भात, विशेषतः यवतमाळ जिल्ह्यात, कोरडवाहू शेती, खाणकाम आणि वनप्रदेशातील जीवन यांची पार्श्वभूमी त्यांना लाभली आहे. यांपैकी बहुतेक समजुती आज श्रद्धेपेक्षा सवय म्हणून टिकून आहेत. आजार, सर्पदंश आणि करणीचा संशय यांच्याशी निगडित समजुती मात्र आजही माणसाच्या जिवावर बेततात.

प्रमुख समजुती

पशुपक्ष्यांचे शकुन : घराबाहेर पडताना मांजर आडवे गेल्यास काम बिघडते, असे मानून काही जण क्षणभर थांबतात किंवा दुसऱ्या कोणास तरी पुढे जाऊ देतात. दारात कावळा ओरडला की पाहुणा येणार, असे म्हणतात. रात्री टिटवी ओरडणे वा घराजवळ घुबड दिसणे मृत्युसूचक मानले जाते. वस्तुतः टिटवी जमिनीवर अंडी घालणारा पक्षी असून तिच्या घरट्याच्या आसपास कोणी फिरकल्यास ती दिवसा किंवा रात्री केव्हाही कलकलाट करते. घुबड उंदरांवर उपजीविका करीत असल्याने ते शेतकऱ्यास उपकारकच ठरते.

शरीराचे शकुन : पुरुषाचा उजवा आणि स्त्रीचा डावा डोळा फडफडणे शुभ, तर याच्या उलट अशुभ समजतात. कामास निघताना एक शिंक आल्यास थोडे थांबावे, लागोपाठ दोन आल्यास हरकत नाही, असा संकेत काही ठिकाणी आहे. अंगावर पाल पडल्यास कोणत्या अवयवावर पडली यावरून फळ सांगितले जाते. यास पल्लीपतन म्हणतात व त्याची कोष्टके अनेक पंचांगांत छापलेली असतात. पाल चुकचुकली असता जमिनीवर बोटांनी टकटक करून ‘कृष्ण कृष्ण’ म्हणण्याची रीत आहे. काही जण त्या आवाजाला अशुभ मानतात, तर काही जण नुकत्याच बोललेल्या वाक्याच्या खरेपणाची ती ग्वाही समजतात. एकाच आवाजाचे असे परस्परविरोधी अर्थ लावले जातात, हे शकुनांच्या स्वरूपाविषयी पुरेसे बोलके आहे.

निषेध : तिन्हीसांजेला केर काढू नये, रात्री नखे कापू नयेत, उंबऱ्यावर बसू नये, शनिवारी तेल विकत आणू नये, अमावास्येला नव्या कामास आरंभ करू नये, हे सर्वपरिचित निषेध आहेत. ग्रहणकाळात अन्नपाणी वर्ज्य करण्याचा आणि गर्भवतीने काही चिरू वा कापू नये असा दंडकही अनेक घरांत पाळला जातो.

दृष्ट : एखाद्याच्या नजरेने बालकास, गुरास, पिकास किंवा नव्या वस्तूस अपाय होतो, ही समजूत जगाच्या अनेक भागांत आढळते. तिच्यावरील उपाय म्हणून तान्ह्या मुलास काजळाची तीट लावतात, मीठ, मोहरी व लाल मिरच्या ओवाळून विस्तवात टाकतात, तर दुकानाच्या व वाहनाच्या दर्शनी भागी लिंबू-मिरची बांधतात.

भाषेतील खुणा

अशुभाचा उच्चार टाळण्याच्या प्रवृत्तीने मराठी भाषेवर कायमचा ठसा उमटवला आहे. निरोप घेताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतात. नारळ फोडत नाहीत, ‘वाढवतात’. बांगडी फुटत नाही, ‘वाढवते’. मंगळसूत्रही तुटत नाही, तेही ‘वाढवते’. दिवा विझवण्याऐवजी ‘मालवला’ किंवा ‘शांत केला’ जातो. दुकानातील दिवसाच्या पहिल्या विक्रीस ‘भवानी’ हे देवीचे नाव आहे. रात्रीच्या वेळी सापाचे नाव घेणे टाळून ‘जनावर’ किंवा ‘लांबडे’ म्हणण्याची पद्धत ग्रामीण भागात आहे.

या शब्दप्रयोगांचा मूळ हेतू बोलणाऱ्याच्या मनात आज क्वचितच असतो. ‘मनात शंकेची पाल चुकचुकली’ असे लिहिणारा लेखक पल्लीशास्त्रावर विश्वास ठेवतोच असे नाही. ‘देवी’ या रोगनामाचे उदाहरण याबाबत विशेष लक्षणीय आहे. हा रोग देवीच्या कोपाने होतो या समजुतीतून ते नाव रूढ झाले. लसीकरणाच्या मोहिमेमुळे भारतात १९७५ मध्ये या रोगाची साखळी तुटली आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. रोग गेला, त्याविषयीची भीती गेली, शब्द मात्र राहिला. समजूत मावळल्यावरही तिची खूण भाषेत उरू शकते, आणि अशा उरलेल्या खुणेने कोणाचे नुकसान होत नाही.

प्रादेशिक पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यात कापूस हे प्रमुख पीक असून बरीचशी शेती पावसावर अवलंबून आहे. जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर हे गाव वर्धा खोऱ्यातील कोळसा पट्ट्यात येते. कोळसा आणि चुनखडी हे या परिसराचे मुख्य खनिजधन होय. कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण पूर्ण झाल्यानंतर १९७५ पासून या पट्ट्यातील सरकारी खाणींचा कारभार नागपूर येथे मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्स या कंपनीकडे आला. पावसाची वाट पाहणारा शेतकरी आणि भूगर्भात उतरणारा कामगार या दोघांच्याही व्यवसायात कौशल्याला न जुमानणारी अनिश्चितता आहे.

या अनिश्चिततेचे प्रतिबिंब विदर्भाच्या लोकाचारांत दिसते. पोळ्याच्या सुमारास दारात पळसाच्या फांद्या ठेवून दुसऱ्या दिवशी त्या गावाबाहेर नेऊन टाकण्याची, आणि त्यांच्याबरोबर रोगराई व इडापिडा निघून जावी असे म्हणण्याची प्रथा अनेक गावांत आहे. नागपुरात त्याच दिवशी काळी व पिवळी मारबत यांची मिरवणूक निघते. ही परंपरा एकोणिसाव्या शतकापासून चालत आली असून तिच्यातील बडग्यांच्या रूपाने आज सामाजिक व राजकीय प्रश्नांवर टीका केली जाते. पीडा घालवण्याच्या मूळ समजुतीतून एक लोकोत्सव कसा घडतो, याचा हा उत्तम नमुना आहे. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय तृतीयेस घटमांडणी करून दुसऱ्या दिवशी पावसाचे व पिकांचे भाकीत सांगतात. या भाकिताला शास्त्रीय आधार नाही, अशी टीका अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी वेळोवेळी केली आहे.

कारणमीमांसा

मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की यांनी पॅसिफिक महासागरातील ट्रोब्रिअँड बेटांवरील कोळ्यांचा अभ्यास केला. खाडीच्या शांत पाण्यात मासेमारी करताना हे कोळी केवळ आपल्या कौशल्यावर विसंबत. धोक्याच्या खुल्या समुद्रात जाताना मात्र तेच लोक मंत्रतंत्राचा आश्रय घेत. जेथे माणसाचे नियंत्रण संपते तेथे अशा आचारांना आरंभ होतो, हा त्यांचा निष्कर्ष शेती, खाणकाम, परीक्षा, व्यापार व खेळ यांनाही लागू पडतो. सुशिक्षित विद्यार्थीही परीक्षेस जाताना दही-साखर खातो, त्याचे मूळ येथेच आहे.

दुसरे कारण स्मरणाच्या स्वभावात आहे. मांजर आडवे गेल्यावर काम बिघडले तर ती घटना लक्षात राहते. काम सुरळीत झाले तर मांजराची आठवणही उरत नाही. त्यामुळे समजुतीला अनुकूल तेवढेच दाखले मनात साठतात आणि ती अनुभवसिद्ध वाटू लागते.

अलीकडे प्रत्येक रूढीमागे काही शास्त्रीय कारण होतेच, असे सांगण्याचा प्रघात पडला आहे. अंधुक प्रकाशात केराबरोबर मौल्यवान वस्तू जाऊ नये म्हणून रात्री केर काढत नसत, हे स्पष्टीकरण संभवनीय आहे. परंतु संभवनीय असणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. दारावर टांगलेल्या लिंबातील जीवनसत्त्वे हवेत मिसळून आरोग्य सुधारते, यासारखे दावे तर निराधारच आहेत. याउलट, पक्ष्यांच्या वा मुंग्यांच्या हालचालींवरून पावसाचा अंदाज बांधण्यामागे पिढ्यांचे निरीक्षण असू शकते. असे ठोकताळे नोंदी ठेवून पडताळता येतात. पडताळणीची तयारी हाच निरीक्षण व अंधश्रद्धा यांतील भेद होय.

सद्यःस्थिती

शिक्षण, वीज, दळणवळण आणि वैद्यकीय सेवा यांच्या प्रसारामुळे अनेक निषेध शिथिल झाले आहेत. सायंकाळी घरी परतणाऱ्या नोकरदार कुटुंबांत तिन्हीसांजेचा नियम पाळणे अवघड असते. काही समजुतींनी मात्र नवे रूप धारण केले आहे. बैलगाडीस बांधली जाणारी लिंबू-मिरची आता मोटारीस बांधली जाते व शनिवारी ती शहरांच्या चौकाचौकांत विकत मिळते. पल्लीपतनाची कोष्टके, राहुकाळ आणि मुहूर्त भ्रमणध्वनीवरही उपलब्ध झाले आहेत.

‘विश्वास नाही, पण पाळायला काय जाते?’ हा युक्तिवाद सर्वत्र ऐकू येतो. दही-साखरेपुरता तो खराही आहे. ग्रहणात गर्भवतीस दीर्घकाळ अन्नपाण्यावाचून ठेवले जाते, तेव्हा मात्र काहीतरी जात असते. ग्रहणात काही कापल्याने बालकाचा ओठ दुभंगतो, ही समजूत चुकीची आहे. हे व्यंग आनुवंशिक घटक, काही औषधांचे परिणाम, धूम्रपान इत्यादी कारणांशी संबंधित असून शस्त्रक्रियेने त्यावर उपचार होतात.

घातक परिणाम

सर्पदंश : भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी सुमारे ५८,००० मृत्यू झाले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासात मांडण्यात आला. बळी पडणाऱ्यांत ग्रामीण भागातील लोकांचे प्रमाण मोठे आहे. दंशानंतर मांत्रिकाकडे वा देवळात नेण्यात बहुमोल वेळ वाया जातो. मंत्राने विष उतरते हा समज टिकून राहण्याचे कारण साधे आहे. बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापाच्या प्रत्येक दंशातही विष टोचले जातेच असे नाही. अशा रुग्णास मुळात धोकाच नसतो, परंतु तो वाचल्याचे श्रेय मांत्रिकास मिळते. मण्यारीचा दंश रात्री झोपेत होतो व त्याच्या वेदना अल्प असतात, त्यामुळे तो विशेष फसवा ठरतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर उपयुक्त ठरणारी प्रतिसर्पविष लस शासकीय रुग्णालयांत दिली जाते. जखम कापणे, विष चोखणे वा घट्ट आवळून बांधणे टाळावे. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे, असा वैद्यकीय सल्ला आहे.

करणी व भानामती : आजारपण, गुरांचे मृत्यू किंवा घरातील अनाकलनीय घटना यांचा दोष एखाद्या व्यक्तीवर ठेवला जातो, तेव्हा समजुतीचे रूपांतर हिंसेत होते. संशयाचा रोख बहुधा एकाकी, वृद्ध, विधवा वा दुर्बल घटकांतील व्यक्तींकडे असतो. चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील वणी खुर्द या गावी ऑगस्ट २०२१ मध्ये भानामतीच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना बांधून मारहाण करण्यात आली होती. हे गाव यवतमाळ जिल्ह्यातील वणी शहराहून वेगळे आहे.

प्रबोधन आणि कायदा

विदर्भाला लोकप्रबोधनाची मोठी परंपरा आहे. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) यांनी कीर्तनांतून श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत पशुबळी, नवससायास व भोंदूगिरी यांवर प्रहार केले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांनी भजने व ‘ग्रामगीता’ या ग्रंथाद्वारे हेच कार्य पुढे नेले. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना प्रा. श्याम मानव यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये नागपूर येथे झाली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास करणे हे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरले आहे.

दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच राज्य शासनाने वटहुकूम काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये नागपूर येथील हिवाळी अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. या कायद्यान्वये सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षेची तरतूद आहे. करणी वा जादूटोण्याचा आरोप करून एखाद्यास छळणे, तसेच साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या व्यक्तीस वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हे गुन्हे आहेत. पूजाअर्चा, वारी, प्रदक्षिणा, कीर्तन यांसारखे धार्मिक आचार कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले आहेत. मांजर आडवे गेल्यावर थांबणाऱ्या माणसाशीही त्याचा संबंध नाही. समजुतीमुळे दुसऱ्याच्या जिवाला, शरीराला वा प्रतिष्ठेला इजा पोहोचते, तेथून कायद्याची हद्द सुरू होते. त्या हद्दीअलीकडचे काम शाळा, घर आणि आरोग्यसेवा यांच्यावर सोपवलेले आहे.