त्रिपुरी पौर्णिमेचं उधाण

वादळाचा विषय निघाला की आपण उडालेल्या पत्र्यांबद्दल आणि पडलेल्या माडांबद्दल बोलतो. पण किनाऱ्यावरच्या मोठ्या वादळांचा इतिहास पाहिला, तर वाऱ्यापेक्षा पाण्यानं कितीतरी जास्त माणसं नेली आहेत. आज त्या पाण्याची गोष्ट सांगते. गोष्ट बांगलादेशच्या किनाऱ्याची आहे, पण शेवटी ती आपल्या कोकणापर्यंत येते.

तारीख १२ नोव्हेंबर १९७०. तेव्हा त्या मुलखाला पूर्व पाकिस्तान म्हणत. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या नद्या समुद्राला मिळतात तिथे गाळाची बेटं आहेत. भोला, हातिया, मनपुरा ही त्यांतली काही. जमीन समुद्रापेक्षा जेमतेम काही फूट उंच. दिवस भातकापणीचे. दुसऱ्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा होती, म्हणजे समुद्राला उधाण होतंच. त्या रात्री चक्रीवादळ आलं आणि झोपलेल्या वस्त्यांवर पाणी चढलं. काही ठिकाणी वीस फुटांच्याही वर. तीन ते पाच लाख माणसं गेली. नक्की आकडा आजही कुणी सांगू शकत नाही, कारण घरंच्या घरं गेली, मोजणार कोण आणि कुणाला?

पुढे डॉक्टरांच्या पथकानं गावोगाव पाहणी केली. वाचलेल्यांच्या छातीवर, दंडांच्या आतल्या बाजूला आणि मांड्यांवर खोल ओरखडे होते. झाडाच्या खोडाला रात्रभर मिठी मारून बसल्याचे. ज्यांच्या हातांत तेवढी ताकद होती ते राहिले. सगळ्यांत जास्त वाचले ते तरणे पुरुष. मेलेल्यांत निम्म्याहून जास्त दहा वर्षांखालची मुलं होती. लहान मूल कडेवर असलेली बाई खोडाला मिठी कशी मारणार, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता हे पाणी एवढं चढतं कसं? परातीत पाणी घ्या आणि एका बाजूनं जोरात फुंकर मारा. पाणी पलीकडच्या काठाला जमा होतं. वादळाचा वारा समुद्राला तासन् तास अशीच फुंकर मारत असतो. खोल समुद्रात ढकललेलं पाणी खालच्या खाली परत फिरतं. उथळ समुद्रात त्याला खाली जागाच नसते, मग ते किनाऱ्यावर चढतं. बंगालच्या उपसागराचं उत्तरेकडचं टोक उथळ आहे, शिवाय नरसाळ्यासारखं निमुळतं होत गेलेलं. पाणी आत शिरतं आणि दोन्ही बाजूंनी दाबलं जाऊन उंच होतं.

वादळाच्या मध्यावर हवेचा दाब कमी असतो, त्यानंही समुद्र वर उचलला जातो. दाब एक मिलिबार उतरला की पाणी साधारण एक सेंटीमीटर चढतं. म्हणजे पन्नास मिलिबारला अर्धा मीटर, फार तर पावणेदोन फूट. दाबाचा वाटा एवढाच, खरी करामत वाऱ्याची. आणि हे सगळं पाणी चढतं ते त्या वेळच्या भरतीच्या डोक्यावर. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ते आलं तर विचारूच नका.

याच किनाऱ्यावर १८७६ मध्ये नेमकं हेच झालं होतं. १ नोव्हेंबर, पौर्णिमा तीच, कार्तिकातली. बाकरगंजच्या त्या वादळात लाखभर माणसं बुडाली आणि साधारण तितकीच नंतरच्या रोगराईनं नि उपासमारीनं गेली. चौऱ्याण्णव वर्षांनी समुद्रानं तोच मुहूर्त गाठला.

वादळ येतंय हे १९७० साली लोकांना ठाऊकच नव्हतं असंही नाही. नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांच्या कानावर ते आलं होतं, असं एका पाहणीत दिसलं. पक्क्या इमारतीत गेले ते शंभरातला एखादा. मला यात लोकांचा हट्ट दिसत नाही. पाणी किती चढेल, कुठपर्यंत येईल हे सांगितलंच नसेल, तर भरलं घर आणि गोठा सोडून कोण निघेल?

पुढे बांगलादेश स्वतंत्र झाला. १९७२ पासून सरकार आणि रेड क्रेसेंट यांनी मिळून गावोगाव स्वयंसेवक नेमायला सुरुवात केली. कर्णे दिले, निशाणं दिली. मातीचे उंच ओटे रचले, माणसांसाठी तसेच गुरांसाठीही. लोक त्यांना मुजीब किल्ला म्हणतात. गुरांची सोय केली, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. गाय दावणीला ठेवून बाई बाहेर पडत नाही.

तरीही २९ एप्रिल १९९१ च्या रात्री चितगावच्या किनाऱ्यावर पुन्हा तेच. पौर्णिमा नुकतीच झालेली, पाणी सुमारे वीस फूट, मेले एक लाख अडतीस हजारांच्या आसपास. वीस ते चव्वेचाळीस वयाच्या हजार पुरुषांमागे १५ गेले आणि हजार बायकांमागे ७१. इशारा बाजारात, चौकात, पुरुषानं पुरुषाला सांगितला गेला. बाई घरात नवऱ्याची वाट बघत राहिली. निवाऱ्यात बायकांना वेगळी जागा नाही, संडास नाही, मग परक्या पुरुषांत जायचं कसं? पाण्यात साडी पायांत गुंतली. दुसरीकडे, ज्या वस्त्यांची पाहणी झाली तिथे पक्क्या इमारतीत पोचलेलं एकही माणूस दगावलं नव्हतं.

मग बायकांना पथकांत घेतलं गेलं. आज तिथल्या सुमारे ७६ हजार स्वयंसेवकांत निम्म्या बायका आहेत. त्या थेट चुलीपाशी जाऊन सांगतात. २००७ च्या ‘सिद्र’ वादळात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली. आकडा लहान नाहीच, पण १९७० शेजारी ठेवून पाहा.

आता आपल्याकडे. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. हवामान खात्याचा इशारा होता की पाणी नेहमीच्या भरतीपेक्षा एक ते दोन मीटर जास्त चढेल. ‘भरतीपेक्षा’ हा शब्द नीट ऐकायचा. आधी भरती, त्यावर हे एक-दोन मीटर. म्हणून भरती किती वाजता, हे कळायला हवं. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब आहे, तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास, आणि पाणीही कमी, कारण तो भांग. त्या ३ जूनला सकाळी त्रयोदशी लागली. तेराची पाऊणपट पावणेदहा. वादळ जमिनीवर आलं दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान, म्हणजे ओहोटी लागल्यावर. श्रीवर्धन, मुरूडच्या नारळ-सुपारीच्या बागा वाऱ्यानं झोपवल्या. तेच वादळ तीन तास आधी आलं असतं, तर पाणी भरल्या भरतीवर चढलं असतं.