भीक नको, काम हवे



अपंग माणसाला काय द्यावे, असे विचारले तर आपण चटकन म्हणतो, दोन घास आणि अंगावर कपडा. विदर्भाच्या इतिहासाने याहून वेगळे उत्तर दिले आहे.

कुष्ठरोगाने हातापायांच्या नसा बधिर होतात. भाजले, कापले तरी कळत नाही. जखमा चिघळतात, बोटे झडतात. 1980 च्या दशकापासून बहुविध औषधोपचाराने रोग पुरता बरा होऊ लागला. पण गेलेली बोटे परत येत नाहीत आणि लोकांच्या मनातली भीतीही सहज जात नाही. म्हणून बरा झालेला माणूससुद्धा भीक मागत असे.

औषधाबरोबर काम हवे, हे आपल्या भागातील काही थोर माणसांनी फार पूर्वी ओळखले. 1936 साली मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे, तर 1946 साली डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीला तपोवन येथे कुष्ठरुग्णांसाठी कार्य उभे केले.

1951 साली बाबा आमटे व साधनाताई सहा रुग्णांना घेऊन वरोऱ्याजवळच्या पडीक माळावर राहावयास गेले. वरोरा म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या सीमेवरील वर्धा नदीपलीकडचे गाव. सरकारने दिलेली 50 एकर जमीन खडकाळ होती. झडलेल्या बोटांनी विहीर खणली गेली, शेत पिकले. तेच आनंदवन होय. पण नवीच अडचण आली. भाजी उत्तम होती, मात्र ती विकत घेण्यास गावकरी धजेनात. पुढे परदेशी तरुणांचे श्रमदान पथक तेथे येऊन राहिले व तीच भाजी खाऊ लागले, तेव्हा लोकांची भीड चेपली आणि माल खपू लागला. हाताला हुनर असून भागत नाही, गिऱ्हाइकाचे मनही मोकळे व्हावे लागते, हा यातील मोठा धडा. ज्यांना समाजाने बाहेर काढले, त्यांनीच 1964 साली समाजाच्या मुलांसाठी महाविद्यालय उभारले. घेणारे हात देणारे झाले!

कायदा मात्र सावकाश आला. 1995 च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत 3 टक्के जागा राखल्या. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मानले, नोकऱ्यांत 4 टक्के व सरकारी उच्च शिक्षणात 5 टक्के जागा ठेवल्या. 2019 साली कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण राहिले नाही. 1939 च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यातूनही ते वगळले गेले.

परंतु राखीव जागेपर्यंत पोहोचण्यासाठी आधी शाळेची पायरी चढावी लागते. फुलसावंगीसारख्या गावात अधू मुलाला मायेपोटी घरीच ठेवले, तर ती माया त्याला आयुष्यभर मोहताज करते. त्याचे नाव शाळेत घाला, प्रमाणपत्र काढा, हुनर शिकवा. आणि अशा माणसाने दुकान मांडले, तर त्याला खैरात देऊ नका. त्याच्याकडून माल घ्या आणि पुरते दाम मोजा. त्याची इज्जत त्यातच आहे.