खुर्चीचा मान आणि कारकुनाची मान



'अर्गोनॉमिक' खुर्च्यांच्या जाहिराती पाहून वाटतं, हे काहीतरी कालचंच खूळ आहे. पण १७१३ साली इटलीतल्या रामाझ्झिनी या वैद्यानं कारकुनांच्या दुखण्याची तीन कारणं लिहून ठेवली होती: सतत बसणं, हात एकाच दिशेनं चालवत राहणं आणि डोक्याला ताण. कारकून इटलीचा असो की लातूरचा, कंबर सारखीच!

आमच्या मुरुडची माणसं माल घेऊन लातूरच्या आडतीत जात. १९११ साली बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली आणि पेठ वाढली. तिथला मुनीम गादीवर बसे. पाठीला लोड, पुढ्यात उतरत्या झाकणाचं बसकं डेस्क. त्या उतारामुळं वही डोळ्यांकडे येते, मान कमी वाकते. कधी मांडी, कधी एक गुडघा उभा, मधूनच उठून माल बघायचा. सगळं छानच होतं असं मात्र नाही. माझे चुलते चाळीस वर्षं कीर्द-खतावणी लिहून शेवटी भिंत धरूनच उठत.

सरकारी कचेरीत तऱ्हा वेगळी. निजामाच्या राज्यात १८८४ पासून उर्दूत कारभार चाले. १९४८ नंतर भाषा बदलली, फर्निचरची उतरंड तीच राहिली. साहेबाला हातांची खुर्ची (पाठीवर टॉवेल हवाच), कारकुनाला बिनहातांची, शिपायाला स्टूल. कोण किती तास बसून काम करतो, हे कुणी विचारायचंच नाही.

सगळ्यात जास्त बसायचं ते टायपिस्टनं. गोदरेजनं १९५५ साली भारतात टंकलेखन यंत्र बनवलं आणि पुढे ही यंत्रं गावोगाव पोचली. माझी चुलत बहीण एका कचेरीत टायपिस्ट होती. तिचं यंत्र लिहायच्याच टेबलावर ठेवलेलं. टेबल तीस इंच, वर यंत्राची उंची, आणि ताईंची उंची पाच फुटांना थोडी कमी. खांदे दिवसभर वर, पाय अधांतरी. बुटकं टेबल मिळावं म्हणून तिनं अर्ज केला. दोन वर्षांनी उत्तर आलं, टेबल नियमात बसत नाही. मग तिनं घरून खुर्चीवर उशी आणि पायाखाली जेवायचा पाट नेला. आजचे तज्ज्ञही हेच सांगतात: आधी कोपर टेबलाच्या पातळीत आणा, मग पायांना आधार द्या. पण तोवर बारा वर्षं गेली होती. तिचा उजवा खांदा आजही वर जात नाही, वेणी सून घालते.

भारतीय माणसांच्या शरीरमापांचं देबकुमार चक्रवर्तींचं पुस्तक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं १९९७ साली काढलं. म्हणजे टेबलं आधी आली, मापं नंतर घेतली गेली. आता पोरं पलंगावर लॅपटॉप घेऊन बसतात, तिथं तर टेबलच नाही.

कुणाच्या माळ्यावर मुनिमाचं डेस्क अजून असेल, तर त्याची उंची आणि उतार मोजून मला जरूर कळवा.