हॅशद्वारे सॉफ्टवेअरची ओळख

हॅशद्वारे सॉफ्टवेअरची ओळख : संगणकातील एखादी फाईल पूर्वी नोंदविलेल्या सॉफ्टवेअरमधीलच आहे की नाही, हे तिच्या नावावरून न ठरविता तिच्यातील सर्व द्विमान अंकांपासून गणिताने काढलेल्या ठराविक लांबीच्या संख्येवरून ठरविण्याची पद्धती. या संख्येस हॅश म्हणतात. फाईलमधील एक अंक जरी बदलला, तरी हॅश सर्वस्वी बदलतो. म्हणून त्यास फाईलच्या बोटाच्या ठशाची उपमा देतात.

अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ रॉनल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१ मध्ये १२८ द्विमान अंकांचा हॅश देणारी एमडी५ ही रीती सिद्ध केली. १९९२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातील जीन किम व यूजीन स्पॅफर्ड यांनी ट्रिपवायर ही आज्ञावली तयार केली. महत्त्वाच्या फायलींचे आधी नोंदविलेले हॅश पुन्हा काढलेल्या हॅशांशी ताडून ती फेरफार उघडकीस आणी. १९९५ मध्ये १६० अंकांची एसएचए-१ ही रीती अमेरिकेत प्रमाण ठरली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रविद्या संस्थेने ज्ञात सॉफ्टवेअरमधील फायलींच्या हॅशांचा मोठा संग्रह केला आहे. जप्त केलेल्या संगणकातील परिचित फायली त्याच्या साहाय्याने वगळता येतात व तपास उरलेल्या फायलींवर केंद्रित होतो. या संग्रहात अपायकारक ठरू शकणाऱ्या आज्ञावलींच्याही नोंदी आहेत. त्यामुळे तो ‘ज्ञात’ फायलींचा संग्रह होय, ‘निर्दोष’ फायलींचा नव्हे.

या ठशांवरील विश्वासाला पुढे तडे गेले. वांग श्याओयुन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एकच एमडी५ हॅश असलेल्या भिन्न सामग्रीच्या जोड्या दाखविल्या. २०१२ मध्ये उघडकीस आलेल्या फ्लेम या हेरगिरीच्या आज्ञावलीने याच दोषाचा लाभ घेऊन आपण मायक्रोसॉफ्टचे सॉफ्टवेअर असल्याचे भासविले. २०१७ मध्ये ॲम्स्टरडॅम येथील सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था व गूगल यांनी एसएचए-१ चा हॅश समान असलेल्या दोन भिन्न फायली प्रसिद्ध केल्या. या कामासाठी आता एसएचए-२५६ सारख्या अधिक दीर्घ हॅशांचा अवलंब केला जातो.

तथापि हॅश निर्दोष असला, तरी त्याची सूची कोणी दिली हा प्रश्न उरतोच. फाईल व तिचा हॅश एकाच ठिकाणी ठेवल्यास घुसखोर दोन्ही बदलू शकतो. यास्तव डेबियनसारख्या संगणक प्रणालींत हॅशांच्या सूचीवर अंकीय स्वाक्षरी करतात. हा उपायही अपुरा पडू शकतो. २०२४ मध्ये एक्सझेड या सॉफ्टवेअरच्या अधिकृत आवृत्तीतच घातक भाग दडविल्याचे आढळले. तिचा हॅश प्रसिद्ध हॅशाशी तंतोतंत जुळत होता. सारांश, हॅश फाईलची अभिन्नता सिद्ध करतो. तिच्या कर्त्याच्या प्रामाणिकपणाची ग्वाही मात्र तो देऊ शकत नाही.