मुलांसाठी पुस्तक निवडायचं कसं आणि वाचायचं कधी? कळव्याच्या वन बीएचकेतही जमेल असं उत्तर

रील्सवर तुम्ही ते घर पाहिलं असेल. मुलाची वेगळी खोली, भिंतीला लाकडी शेल्फ, मुखपृष्ठं समोर दिसतील अशी लावलेली पुस्तकं, कोपऱ्यात छोटा तंबू आणि त्यात पिवळा दिवा. खाली कॅप्शन, ‘मुलांना वाचनाची गोडी अशी लावा.’

आता कळव्यात या. फास्ट लोकल इथे थांबत नाही. ठाण्याला उतरायचं, स्लो पकडायची, एका स्टेशनासाठी दारात उभं राहायचं. मग खारेगाव किंवा विटाव्याकडे जाणारी रिक्षा. घराचं कुलूप उघडेपर्यंत साडेआठ वाजलेले असतात. कुकर लावायचा असतो, शाळेच्या ग्रुपवर उद्याचं काहीतरी आलेलं असतं आणि मूल आजीच्या मोबाइलवर कार्टून बघत असतं. तंबू लावायला जागा नाही, कारण तिथे शिलाई मशीन आहे.

मग अशा घरात पुस्तकाचं काय करायचं? कुठलं आणायचं, कुठून आणायचं आणि आणल्यावर ते तसंच पडून राहिलं तर? हे प्रश्न माझ्या ताईने मला विचारले, कारण तिच्या मते पत्रकार लोकांना सगळं माहीत असतं. मला नव्हतं. म्हणून शोधलं.

सुरुवात पुस्तकापासून नाही, मांडीपासून होते

आपल्याकडे समज असा की मूल अक्षरं शिकलं की मग पुस्तक द्यायचं. पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, २०१४ साली डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं की बाळ तान्हं असल्यापासूनच त्याला वाचून दाखवायला आई-वडिलांना सांगा. बाळाला गोष्ट कळत नाही हे त्यांनाही माहीत आहे. पण आवाज, चित्र आणि जवळ बसलेलं माणूस या तिन्ही गोष्टी त्याला एकत्र मिळतात. भाषेची तयारी तिथून सुरू होते.

त्याच्याही आधीचा एक प्रयोग सांगायलाच हवा. १९८८ साली ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन ते तीन वर्षं वयाच्या आसपासची तीसेक मुलं घेतली. सगळ्यांच्या घरी पालक पुस्तक वाचून दाखवतच होते. फरक एवढाच केला की निम्म्या पालकांना वाचण्याची पद्धत थोडी बदलायला शिकवलं. सरळ वाचत जाण्याऐवजी मुलाला बोलू द्यायचं, ‘हो की नाही’च्या पलीकडचे प्रश्न विचारायचे आणि मूल जे बोलेल त्यात एखादा शब्द जोडून ते परत म्हणायचं. एका महिन्यात या गटातली मुलं बोलण्याच्या चाचण्यांमध्ये दुसऱ्या गटाच्या काही महिने पुढे गेली. प्रयोग लहान होता आणि ती सगळी सुस्थितीतली घरं होती, हे लक्षात ठेवायला हवं. पण ही पद्धत पुढे अनेक ठिकाणी वापरली गेली आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

प्रत्यक्षात ती कशी दिसते? समजा चित्रात बाजार आहे. आपण सवयीने विचारतो, ‘हे काय आहे? सांग, काय आहे?’ मूल म्हणतं, ‘भाजी.’ आपण म्हणतो, ‘शाब्बास’ आणि पान उलटतो. त्याऐवजी ‘या काकूंना एवढा राग का आला असेल गं?’ असं विचारून बघा. उत्तर काहीही येऊ शकतं. ‘त्यांना सुट्टे पैसे मिळाले नाहीत.’ मग तुम्ही म्हणा, ‘हो, पाचशेची नोट दिली असेल कुणीतरी.’ पुस्तकात यातलं काहीच नसतं, पण गप्पा सुरू होतात.

आणि इथेच बहुतेक घरांत माती होते. आपण वाचनाची परीक्षा करून टाकतो. ‘वाच बघू मोठ्याने. हा शब्द काय? परवाच तर सांगितला होता!’ दिवसभर शाळा आणि ट्यूशन करून आलेल्या मुलाला रात्री नऊ वाजता तिसरी ट्यूशन नको असते. शाळेचं वाचन वेगळं आणि झोपण्याआधीचं वेगळं ठेवा. दुसऱ्यात चुका काढायच्या नाहीत, तात्पर्य विचारायचं नाही.

या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे. घरातली आजी फारशी शिकलेली नसेल तरी ती हे करू शकते. माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ हे पुस्तक चित्रांवरून बोलत राहण्यासाठीच आहे. अक्षरओळख नसलेली आजी आणि अजून अक्षरं न शिकलेला नातू, दोघं एका पातळीवर येतात. उलट आजीकडे सांगायला जास्त असतं.

मूल इंग्लिश मीडियमचं, घर मराठी. मग पुस्तक कुठल्या भाषेतलं?

कळव्यातल्या पालकांचा खरा पेच हा आहे. फी इंग्लिश मीडियमची भरतोय, मग मराठी पुस्तकात वेळ कशाला घालवायचा? आणि इंग्रजी पुस्तक आणलं तर ते वाचून दाखवताना आपलीच जीभ अडखळते. मूल उच्चार दुरुस्त करतं. आई-बाबा ओशाळतात आणि पुस्तक कपाटावर जातं.

माझं मत सरळ आहे. तुम्ही ज्या भाषेत भांडता, हसता आणि खोटं रागावता, त्या भाषेत वाचा. मोकळेपणाने प्रश्न विचारता येणं, मधेच आवाज बदलणं, गोष्टीतल्या मांजरीला शेजारच्या मांजरीचं नाव देणं हे आपल्या भाषेतच जमतं. आणि गोष्टीत पुढे काय होईल याचा अंदाज बांधणं, कारण शोधणं या गोष्टी मूल एका भाषेत शिकलं की त्या दुसऱ्या भाषेतही कामाला येतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलंय. शाळा तसं करते की नाही ते आपल्या हातात नाही, रात्रीची पंधरा मिनिटं आहेत.

दुसरं कारण शाळेचंच आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांमध्ये पहिली ते दहावी मराठी विषय सक्तीचा झाला. म्हणजे घरात फाडफाड मराठी बोलणाऱ्या मुलाला मराठीचा पेपर आहेच आणि तो बऱ्याचदा जोडाक्षरांवर अडतो. ‘ष्ट्र’, ‘द्य’, ‘र्‍य’ आले की वाचनाची गाडी थांबते. अशा मुलांसाठी जोडाक्षरं टाळून लिहिलेली गोष्टींची पुस्तकं मराठीत मिळतात. दुकानात तशीच मागा.

घरात हिंदी किंवा उर्दू असेल, तर तेच त्या भाषांना लागू. कळव्यात आणि पुढच्या मुंब्र्यात अशी घरं भरपूर आहेत. आई एका भाषेची आणि बाबा दुसऱ्या, तर दोघांनी आपापल्या भाषेत वाचावं. मूल गोंधळत नाही, आपणच उगाच घाबरतो.

दुकानात उभे आहात, आता?

वयाच्या गणितावर फार वेळ घालवत नाही. दोन वर्षांपर्यंत जाड पुठ्ठ्याची पानं, कारण पुस्तक तोंडात जाणारच. पाच-सहापर्यंत मोठी चित्रं आणि पानावर दोन-चार ओळी. त्यानंतर मुलाची वाचनाची गाडी कुठे आहे ते बघून.

ते बघायला एक सोपी युक्ती आहे. मधलं कुठलंही पान उघडा आणि मुलाला मनात वाचू द्या. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं. पानाच्या शेवटी पाचही बोटं मिटली, तर ते पुस्तक अजून एकट्याने वाचायला जड आहे. म्हणून परत ठेवू नका. ते तुम्ही वाचून दाखवायचं पुस्तक आहे. मुलं स्वतः वाचू शकतात त्याच्या बरंच पुढचं ऐकून समजू शकतात.

माधुरी पुरंदरे यांचं नाव वर आलंच आहे. मराठीत लहान मुलांसाठी काय घ्यावं असं कुणी विचारलं, तर मी सुरुवात त्यांच्यापासून करायला सांगेन. ‘राधाचं घर’ ही छोटी पुस्तकं आहेत आणि त्यात आई, बाबा, आजी, आजोबा अशी घरातलीच माणसं आहेत. राजा नाही, राक्षस नाही, उपदेश नाही. लेखन आणि चित्रं दोन्ही त्यांची. २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आणि २०१६ साली टाटा ट्रस्टच्या पराग उपक्रमाचा ‘बिग लिटल बुक अवॉर्ड’ त्यांना मिळाला. मूल जरा मोठं असेल तर त्यांनीच संपादित केलेले ‘वाचू आनंदे’चे भाग बघा. बालगट आणि कुमारगट असे ते वेगळे आहेत. मराठी साहित्यातले चांगले उतारे एकत्र मिळतात, त्यामुळे कुठला लेखक मुलाला आवडतो ते कळतं आणि पुढची खरेदी सोपी होते.

आणि मुलाला निवडू द्या. एक पुस्तक तुमच्या पसंतीचं, एक त्याच्या. त्याने डायनासोरचं चकचकीत पुस्तक उचललं तर नाक मुरडू नका. माझ्या भाचीने पहिल्यांदा स्वतः निवडलेलं पुस्तक ट्रकबद्दल होतं. आम्ही तिला परीच्या गोष्टी दाखवत होतो.

‘आम्ही लहानपणी हे वाचलं होतं’

हा मोह सगळ्यांना होतो. बाबांना फास्टर फेणे द्यायचा असतो आणि आजोबांना ‘श्यामची आई’. मूल दोन पानं वाचून ठेवून देतं आणि घरात ‘आजकालची मुलं’ सुरू होतं.

चूक मुलाची नाही. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवरून हिंडतो ते पुणे आजच्या मुलाने पाहिलेलं नाही. पहिली दोन प्रकरणं तुम्ही वाचून दाखवा, सायकलवर डबलसीट जाणं म्हणजे काय ते सांगा आणि ऐन रहस्यावर थांबा. पुढचं बहुतेक वेळा मूल स्वतः वाचतं.

‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातल्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलंय, कारण श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो. म्हणजे पुस्तकाची मांडणीच रोज थोडं ऐकण्याची आहे. आणि आपण ते सुट्टीत ‘वाचून संपव’ म्हणून मुलाच्या हातात देतो! एका रात्री एकच प्रकरण वाचा. मुलाने ‘श्यामची आई त्याला एवढं का रागावते?’ असं विचारलं, तर गप्प करू नका. प्रश्न रास्त आहे.

पैसे आणि जागा, दोन्ही नाहीत

‘प्रथम बुक्स’ने २०१५ साली ‘स्टोरीवीव्हर’ नावाची वेबसाइट सुरू केली. त्यावर मराठीसह अनेक भारतीय भाषांमधली चित्रपुस्तकं फुकट आहेत, वाचनाच्या चार पातळ्यांत विभागलेली. डाउनलोड करून प्रिंट काढायचीही परवानगी आहे. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झालं. त्याचे जुने अंकही ऑनलाइन मोफत वाचता येतात. फोनवर वाचलं तर चालेल का, असं ताईने लगेच विचारलं. फोन तुमच्या हातात असेल आणि तुम्ही शेजारी असाल तर चालेल. फोन मुलाच्या हातात देऊन तुम्ही स्वयंपाकघरात गेलात, तर पाच मिनिटांनी तिथे परत कार्टून असेल.

छापील पुस्तक हवं असेल तर नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथमची कितीतरी चित्रपुस्तकं शंभर रुपयांच्या आत येतात. एका पिझ्झ्याच्या पैशांत तीन-चार.

वाचनालय हवं असेल तर एकच स्टेशन मागे जायचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं आहे. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे यांनी ते सुरू करण्यात पुढाकार घेतला तेव्हा ते जेमतेम बाविशीच्या आसपास होते. (मी सव्वीसची आहे आणि अजून ग्रंथालयाचं कार्ड रिन्यू करायचं राहिलंय.) दुसऱ्या दिशेला डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररी पुस्तक आदान-प्रदान सोहळा भरवते. आपली वाचून झालेली पुस्तकं द्यायची आणि तिथली दुसरी घ्यायची.

तेच छोट्या प्रमाणावर सोसायटीत करता येतं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाण्याच्या टँकरचे मेसेज येतात, तिथेच एक मेसेज टाका. महिन्यातून एका रविवारी जिन्याखाली चटई, प्रत्येक मुलाने एक पुस्तक आणायचं आणि एक न्यायचं. पहिल्या पानावर नाव आणि फ्लॅट नंबर लिहा. फाटलेलं चालेल हे आधीच सांगून टाका, नाहीतर आया पुस्तक द्यायला कचरतात.

आणि तेच पुस्तक तिसाव्यांदा?

हो, वाचा. मुलांना पुढे काय होणार हे माहीत असण्यातच मजा वाटते आणि दर वेळी एखादा नवा शब्द पक्का होतो. कंटाळा तुम्हाला येतो, त्यांना नाही.

डोळे मिटत असतील तर एखादं पान हळूच उडवून बघा. ताईने परवा प्रयत्न केला. भाचीला अजून वाचता येत नाही. तिने ताईचा हात धरला, पान मागे उलटलं आणि म्हणाली, ‘आई, ट्रकचा टायर पंक्चर झाला ते राहिलं.’